कर्ज, कावड आणि सत्तावन्न साल

मागच्या खेपेला एका श्रोत्यांनी विचारलं होतं, इतिहास घडत असतो तेव्हा साध्या माणसाला तो कळतो का? आज तिथूनच सुरुवात करू.

ऑक्टोबर १८०६. नेपोलियन येना शहरात आला, घोड्यावरून पाहणीला निघाला, आणि हेगेलला वाटलं, साक्षात विश्वात्माच घोड्यावर बसलेला आपण पाहिला. त्याचं हे पत्र आम्ही वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलो. सांगत नव्हतो ते एवढंच, की त्याच पत्रात त्याला स्वतःच्या हस्तलिखिताची काळजी आहे. पानं बाम्बर्गला प्रकाशकाकडे धाडलेली, वाटेत सैन्य, पोचतील ना? विश्वात्मा समोरून चाललाय आणि तत्त्वज्ञाला टपालाची चिंता! आम्हाला यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

आता आपल्याकडचे विष्णुभट गोडसे घ्या. पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. बंडाशी यांचा संबंध काय? काही नाही. पण वाटेत बंड आडवं आलं, आणि १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा हे गावातच अडकलेले. लूट, कत्तल, सगळं डोळ्यांनी पाहिलं.

तरुणपणी ‘माझा प्रवास’ वाचताना आम्ही राणी शोधायचो आणि दक्षिणेचे हिशेब असलेली पानं भराभर उलटायचो. चूक आमची. तो हिशेब काढून टाकला तर हा माणूस तिथे होताच कशाला, हेच कळत नाही.

पुस्तकातला विहिरीचा प्रसंग आठवा. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर धुळीनं भरलेली, तहानलेली राणी त्यांना भेटते. हे पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नका काढू, मीच काढते. हेगेल ज्यांना इतिहास घडवणारी माणसं म्हणतो, त्यांच्यातली ती एक. पण त्या घटकेला तिला हवंय पाणी, आणि तिच्या बोलण्यात आहे ती रोजच्या व्यवहारातली जातीची रीत. राज्य गेलं, रीत गेली नाही. बखरीत हे सापडणार नाही. ते टिपायला दोराजवळ उभा असलेला भिक्षुकच लागतो.

कुणी म्हणेल, वीस-पंचवीस वर्षांनी आठवून लिहिलेलं, किती खरं मानायचं? शंका रास्त आहे. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापताना त्यावर हातही फिरवला. तारखा नि लढायांसाठी दुसरी साधनं जरूर पाहा. पण कर्जाची टोचणी माणूस चुकीची आठवत नाही, असं आम्हाला वाटतं.

गोडसे अखेर वरसईला परतले. कमाई वाटेत लुटली गेलेली. खांद्यावर गंगेची कावड मात्र होती, शेकडो कोस वाहून आणलेली. त्या पाण्यानं त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं.