कांद्याच्या मुळाशी थांबलेल्या पेशी

पुतणी विलिंग्डन कॉलेजात बी.एस्सी. करते. प्रॅक्टिकलची परीक्षा जवळ आली की ती विश्रामबागेत आमच्याकडेच राहायला येते, कारण माझा जुना सूक्ष्मदर्शक अजून चांगला चालतो.

कांद्याच्या वाळक्या मुळ्या खरवडून तो पाण्याच्या ग्लासावर ठेवला होता. तिसऱ्या दिवशी पांढरी मुळं फुटली. सकाळीच आम्ही त्यांची टोकं कापून अल्कोहोल आणि अ‍ॅसेटिक आम्लाच्या मिश्रणात टाकली. दुसऱ्या दिवशी एक टोक सौम्य आम्लात कोमट करून मऊ केलं, त्यावर कार्माइनचा लालसर रंग चढवला. शेवटची दोन-तीन मिलिमीटरच घ्यायची. वाढ तिथेच होते. कव्हरस्लिप ठेवून अंगठ्याने सरळ दाबायचं. अंगठा जरा सरकला की पेशी एकमेकींवर चढतात आणि स्लाइड वाया जाते. आमच्या दोन गेल्या.

तिसरी जमली. एका पेशीत गुणसूत्रं मधोमध रांगेत आली होती, दुसरीत ती दोन टोकांकडे निघाली होती. कांद्यात ती १६ असतात. मोजणी केली तर ५२ पेशींपैकी फक्त ६ विभागत होत्या.

"काकू, बाकीच्या नुसत्याच बसल्यात," पुतणी म्हणाली.

नुसत्या बसलेल्या नाहीत त्या. पेशी आधी वाढते, मग डीएनएची नक्कल करते, ती तपासते. चूक सापडली तर दुरुस्ती होईपर्यंत पुढचं पाऊल टाकत नाही. या तपासणीच्या टप्प्यांची कल्पना लेलंड हार्टवेल यांनी यीस्टवर काम करताना मांडली. पेशीला पुढच्या टप्प्यात ढकलणारं प्रथिन पॉल नर्स यांना यीस्टमध्ये सापडलं, त्याचा जोडीदार सायक्लिन टिम हंट यांना समुद्री अर्चिनच्या अंड्यांत. सायक्लिन साठत जातं, आणि विभाजन उरकताना पेशीच ते मोडून टाकते. या तिघांना २००१चं नोबेल मिळालं. तीच यंत्रणा या कांद्यातही आहे आणि आपल्यातही. आपल्यात ती बिघडली तर कर्करोग होऊ शकतो. थांबता येणं हे मला विभागण्याहून मोठं काम वाटतं.

खिडकीबाहेर सदाफुली फुलली होती. पेशींना थांबवते तीही. मधुमेहावरचा घरगुती उपाय तपासायला कॅनडात नोबल आणि बीअर या संशोधकांनी १९५०च्या दशकात तिचा अर्क उंदरांना दिला. साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. गुणसूत्रं ओढणारे धागे सदाफुलीतली द्रव्यं बनूच देत नाहीत. गुणसूत्रं रांगेत आलेली पेशी तिथेच अडकते. सदाफुलीतूनच व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही औषधं मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन आजही देतात. पण औषध रोगट पेशी तेवढी ओळखत नाही. केसांच्या मुळांतल्या, अस्थिमज्जेतल्या विभागणाऱ्या पेशींनाही त्याची झळ लागते, म्हणून ही औषधं रक्त तपासत, मोजून देतात.

आपल्याकडे साखरेसाठी रोज सकाळी सदाफुलीची पानं चावणारे पुष्कळ आहेत. त्यांना हात जोडून सांगते, ती पानं खाऊ नका.