सायंकाळचा उतार

चिंतेने काळीज पोखरते ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. परंतु ती शास्त्राच्या दप्तरी रुजू व्हावयास विसाव्या शतकाचा बहुतेक काळ खर्ची पडला, आणि रुजू झाली तीही अपेक्षेहून निराळ्या रूपाने. १९३६ साली माँट्रियल येथे हान्स सेल्ये यांनी उंदरांवर थंडी, जखमा, अतिश्रम, विषारी द्रव्ये असे नानाविध आघात करून पाहिले. आणि आघात कोणताही असो, मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्याच आढळतात, हे त्यांनी एका लहानशा टिपणात जाहीर केले. त्या ग्रंथींच्या स्रावांचा छडा लावणाऱ्या केंडाल, राइखश्टाइन व हेंच या त्रयीस १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर सर्वांचे लक्ष स्राव किती, याच प्रश्नावर खिळलेले होते. तो केव्हा, हा प्रश्न मिनेसोटातील फ्रान्झ हालबर्ग यांनी नेटाने लावून धरला.

निरोगी माणसाच्या रक्तात कॉर्टिसॉल हा अधिवृक्क ग्रंथींचा स्राव पहाटेच वाढू लागतो, जाग आल्यावर अर्ध्या तासात तो आणखी निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक चढतो, आणि मग दिवसभर ओसरत ओसरत मध्यरात्रीच्या सुमारास तळ गाठतो. १९८५ साली अमेरिकेत जेम्स म्युलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या झटक्यांच्या वेळा पडताळल्या, तेव्हा सकाळी नऊच्या सुमारास झटक्यांचे प्रमाण रात्री अकराच्या सुमारे तिप्पट असल्याचे दिसले. साहजिकच संशय त्या प्रातःकालीन चढावर गेला, जरी त्याच घटकेला रक्तदाबही वाढत असतो आणि रक्त गोठण्याची प्रवृत्तीही बळावते.

या संशयाची तड लागण्यास जे काम उपयोगी पडले ते लंडनच्या व्हाइटहॉलमधील सरकारी कचेऱ्यांत झाले. तेथील मुलकी नोकरांची १९६७ पासूनची पाहणी मायकेल मार्मट यांनी तपासली, तेव्हा सर्वांत खालच्या हुद्द्यावरील पट्टेवाले व निरोप्ये हृदयविकाराने वरिष्ठ अंमलदारांच्या तिपटीहून अधिक प्रमाणात दगावत असल्याचे निघाले. आणि धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केला तरी बरीच बाकी उरत होती. ज्यांच्या शिरावर मोठ्या जबाबदाऱ्या, त्यांचेच हृदय आधी थकते, या रूढ ग्रहाला हा जबर धक्का होता. १९८५ पासून दुसऱ्या पाहणीत १०,३०८ स्त्रीपुरुष कर्मचारी दाखल झाले, आणि २००२ ते २००४ च्या दरम्यान त्यांच्यातील हजारो जणांनी कॉर्टिसॉल मोजण्यासाठी लाळेचे नमुने दिले. ही रीत पाहण्याजोगी आहे: डोळे उघडताच, दात घासण्यापूर्वी, कापसाची लहान सुरळी तोंडात धरून ती लाळेने भिजू द्यावयाची, नळीत घालून वेळ लिहावयाची, पुन्हा अर्ध्या तासाने, आणि असे दिवसातून सहा वेळा, शेवटचा नमुना निजण्यापूर्वी. सुईच्या भीतीनेच ताण वाढावा, ही अडचण त्यात नव्हती, आणि नमुने घरबसल्या टपालाने पाठविता येत.

२०११ साली मीना कुमारी व सहकाऱ्यांनी ४,०४७ जणांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. सकाळच्या चढाचा मृत्यूशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो दिवसाच्या उताराशी. ज्यांचे कॉर्टिसॉल सायंकाळीही पुरेसे ओसरत नव्हते, त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू अधिक होते. इतकी वर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला प्रातःकाल या पुराव्यापुरता निर्दोष ठरला, हे मला या साऱ्या प्रवासातील सर्वांत महत्त्वाचे वळण वाटते. अर्थात नमुने दिल्यानंतरच्या पाहणीच्या काळात अशा विकारांनी झालेले मृत्यू अवघे ३२ होते, आणि मंदावलेला उतार हे रोगाचे कारण की आधीच जडलेल्या दुखण्याचे लक्षण, याचा निवाडा एवढ्यावरून करता येत नाही. तथापि याच कर्मचाऱ्यांत कमी झोप घेणाऱ्यांचा उतारही मंद आढळला होता, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी खास नव्हे.

म्हणून हृदयरोगतज्ज्ञांना एवढीच विनंती, की रुग्णाच्या कागदावर साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांच्या आकड्यांशेजारी तो किती तास झोपतो आणि त्याचे काम रात्री किती वाजता संपते, हेही आवर्जून टिपून ठेवावे.