ओळखपत्रासाठी कार्ड कोणते घ्यावे?

चाकण, भोसरीच्या कारखान्यांतून कामगारांच्या ओळखपत्रांची ऑर्डर आली की आपले छपाईवाले बांधव भाव पाहून साधे पीव्हीसी कार्ड उचलतात. ऑफिसातल्या माणसाला ते पुरते. पण पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडते. भट्टीजवळ ते वाकते. अशी परत आलेली एक ऑर्डर आम्ही पदरचे पैसे घालून पुन्हा छापून दिली आहे. तेव्हापासून भट्टीखात्यासाठी आम्ही ६० टक्के पीव्हीसी आणि ४० टक्के पॉलिएस्टरचे कंपोझिट कार्डच देतो. वर गरम लॅमिनेशन करायचे असेल तरीही तेच बरे. महाग पडते, हे खरे. दोन्ही कार्डे दिसायला मात्र सारखीच, म्हणून माल कोणता ते कोटेशनवर स्पष्ट लिहावे. गिऱ्हाइकापासून फरक लपवणे जायज नाही. जाडी ०.७६ मिलिमीटर आहे ना, तेही मोजून घ्या. पातळ कार्ड प्रिंटरमध्ये अडकते.