जपानी शस्त्रविद्येची घराणी आणि त्यांची पारख

माझ्या एका सहकाऱ्याचा मुलगा चार वर्षे एका वर्गात जपानी तलवारीचे शिक्षण घेत होता. वर्गाच्या भिंतीवर जपानी अक्षरांची एक लांबलचक गुंडाळी टांगलेली असे. आपली विद्या आठशे वर्षांची असून ती सामुराईंपासून अखंड गुरुमुखाने आली आहे, असे तेथील शिक्षक सांगत. पुढे त्या मुलाने ज्या जपानी घराण्याचे नाव घेतले जाई, त्याच घराण्याला पत्र लिहिले. या नावाचा शिष्य आमच्याकडे कधीही नव्हता, असे दोन ओळींचे उत्तर आले. सहकारी ते पत्र घेऊन माझ्याकडे आले; कारण जुने कागद तपासणे हा माझ्या नोकरीचाच एक भाग आहे. पैसे गेले याचे त्या मुलाला फारसे दुःख नव्हते. “मी चार वर्षे रोज कोणापुढे वाकत होतो?” एवढेच तो विचारीत होता.

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. आज आपल्या देशात लहानमोठ्या शहरांतून जपानी विद्यांचे वर्ग चालतात आणि आईबाप मोठ्या विश्वासाने मुलांना तेथे पाठवितात. तेव्हा अशा विद्येची पारख कशी करावयाची, याचा थोडा विचार करू.

जपानी भाषेत अशा घराण्याला ‘ऱ्यू’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ प्रवाह असा आहे, आणि तो मोठा समर्पक आहे. पाणी कोठून आले हे पाहावयाचे तर काठाने उलट चालत जावे लागते. १८६८ साली जपानमध्ये मेइजी राजवट सुरू झाली, १८७१ मध्ये सरदारांच्या जहागिऱ्या गेल्या आणि १८७६ मध्ये कमरेला तलवार लावून हिंडण्यास बंदी झाली. शस्त्रविद्येचा राजाश्रय त्याबरोबर संपला. १८६८ पूर्वी स्थापन झालेल्या घराण्यांना ‘कोऱ्यू’, म्हणजे जुने प्रवाह, असे म्हणण्याचा प्रघात आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही संस्था काढून ज्युदोचा पाया घातला, तो या काळानंतरचा. कराटे हे ओकिनावा बेटावरचे. १९२२ मध्ये गिचिन फुनाकोशी यांनी तोक्योत त्याचे प्रात्यक्षिक केले आणि नंतर जपानभर त्याचा प्रसार झाला. ऐकिदो तर विसाव्या शतकातील.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नवे म्हणजे खोटे नव्हे. ज्युदो नवा आहे आणि तो नवा असल्याचे लपवीत नाही. म्हणून तो पूर्णपणे अस्सल आहे. खोटेपणा वयात नसतो, वयाविषयी केलेल्या दाव्यात असतो.

खऱ्या जुन्या घराण्याचे उदाहरण म्हणून तेन्शिन शोदेन कातोरी शिंतो-ऱ्यू हे नाव घेता येईल. इइझासा चोइसाइ इएनाओ यांनी पंधराव्या शतकात ते स्थापन केले. कातोरीच्या शिंतो देवस्थानाशी त्याचे नाते आहे आणि प्रमुखपद इइझासा कुळातच चालत आले आहे. १९६० मध्ये चिबा प्रांताने या विद्येला सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली. येथे प्रवेश घेणाऱ्याने स्वतःच्या रक्ताचा ठसा उमटवून शपथ घ्यावयाची, अशी चाल आहे; तिला ‘केप्पान’ म्हणतात. आपल्या संगीत घराण्यांतील गंडाबंधनाची श्रोत्यांना येथे सहज आठवण होईल.

या घराण्याच्या मूळपुरुषाला देवाच्या कृपेने विद्या प्राप्त झाली, अशी कथा आहे. ताकेनोउची-ऱ्यू या १५३२ मधील घराण्याच्या उगमाशी तर एक गूढ तपस्वी येतो. मग हीही घराणी खोटी काय? नाही. उगमाशी दंतकथा असणे हे जगातील सर्वच जुन्या परंपरांचे लक्षण आहे. पाहावयाचा तो उगम नव्हे, तर आपल्या सर्वांत जवळचे दुवे. पाचशे वर्षांपूर्वी काय घडले हे कोणालाच दाखविता येणार नाही. परंतु तुमचे गुरू कोण, ते कोठे राहतात, किती वर्षे त्यांच्यापाशी शिकलात आणि ते तुम्हाला आपला शिष्य म्हणून ओळखतात काय, याचे उत्तर आज देता आले पाहिजे. बनावट वंशावळीत दूरचे पूर्वज ठसठशीत असतात आणि आजोबांच्या जागी मात्र धुके असते.

दुसरी गोष्ट कागदाची. जुन्या घराण्यांत विद्येच्या पायऱ्यांप्रमाणे लेखी अधिकारपत्रे देत. विद्येतील प्रकारांची यादी म्हणजे ‘मोकुरोकु’, आणि संपूर्ण विद्या संक्रांत केल्याचे पत्र म्हणजे ‘मेन्क्यो काइदेन’. परंतु जुन्या वस्तूंच्या बाजारात अशा गुंडाळ्या विकतही मिळतात. शिवाय त्यांत बहुधा प्रकारांची नुसती नावे असतात. त्यांचा अर्थ गुरूने तोंडी सांगावयाचा असतो. म्हणून गुंडाळी खरी असली तरी ती बाळगणारा खरा ठरतोच असे नाही. उलट, आमचे कागद महायुद्धात जळाले, असे कोणी म्हटले तर तेही एकदम खोटे मानू नये, कारण तसे खरोखर घडलेले आहे. मात्र कागद जळाले तरी गुरुबंधू जळत नाहीत. त्याच प्रवाहाच्या इतर शाखा आपणास ओळखतात काय, हे विचारता येते. १९७९ मध्ये स्थापन झालेली जपानी जुन्या युद्धविद्यांची मध्यवर्ती संस्थाही आहे. पण सर्वच खरी घराणी तिची सभासद आहेत असे नाही, हे ध्यानी ठेवावे.

तिसरी खूण पट्ट्यांची. ‘दान’ नावाच्या श्रेणी ‘गो’ या पटावरील खेळात होत्या. त्या १८८३ मध्ये कानो यांनी ज्युदोत आणल्या. काही जुन्या घराण्यांनी त्या पुढे सोयीसाठी स्वीकारल्या. पण आमच्याकडे काळ्या पट्ट्याची चाल चारशे वर्षांची आहे, असे कोणी सांगू लागला तर तेथेच थांबावे.

चौथी खूण प्रत्यक्ष शिक्षणात दिसते. जुन्या तलवारविद्येत दोघांनी मिळून ठरीव प्रकार करावयाचे असतात. त्यांत वार करून अखेर हरणारी भूमिका अनुभवी माणसाची, बहुधा गुरूची असते आणि जिंकणारी शिष्याची. शिष्य वाढावा म्हणून गुरूने हजारदा हरावयाचे! जेथे शिक्षक प्रत्येक वेळी शिष्याला लोळवून आपलेच सामर्थ्य दाखवितो, तेथे या पद्धतीचा गाभाच हरवला आहे असे समजावे.

आणखी एक इशारा आपणा भारतीयांसाठी. बोधिधर्माने येथून चीनमध्ये युद्धविद्या नेली आणि तीच पुढे जपानला पोहोचली, असे अनेक वर्गांतून सांगतात. ऐकावयास ते फार गोड वाटते. परंतु ज्या ग्रंथाच्या आधारे ही कथा उभी राहिली, तो बोधिधर्मानंतर सुमारे हजार वर्षांनी, सतराव्या शतकात रचलेला असून त्याची प्राचीन म्हणविणारी प्रस्तावना बनावट आहे, असे संशोधकांनी दाखविले आहे. जो दावा आपला अभिमान सुखावतो, तो दुप्पट काळजीने तपासावा, हे मी दप्तरखान्यात शिकलो.

सहकाऱ्यांच्या मुलाला मी एवढेच सांगितले की, तुझे वाकणे खोटे नव्हते. ते स्वीकारणाऱ्याचा शब्द खोटा होता. आता तो ज्युदो शिकतो. पहिल्याच दिवशी नव्या शिक्षकांनी आपल्या गुरूचे नाव सांगितले, त्यांचा पत्ता दिला आणि म्हणाले, “वाटेल तेव्हा त्यांना विचारून पाहा.” परंपरेचा खरा वारसदार प्रश्नाला भीत नाही, कारण उत्तर देण्यास त्याच्या पाठीशी कोणीतरी उभा असतो.