चिलापीने नेमके काय खाल्ले?

बार्शीच्या बाजारात भीमेवरच्या उजनी धरणातली चिलापी मिळते, तशी तिच्याविषयीची तक्रारही ऐकू येते : हिनेच आपले गावठी मासे संपवले. चिलापी मूळची आफ्रिकेतली. भारतात ती 1952 साली आणली गेली. ती मरळीची अंडी-पिल्ले खाते का, हे आज तिच्या पोटातल्या डीएनएवरून तपासता येते. पण या तपासात एक मोठी गफलत होऊ शकते.

प्रत्येक मासा पाण्यात बुळबुळ, खवले, विष्ठा सोडत असतो. म्हणजे धरणाच्या पाण्यातच मरळीचा डीएनए असतो. चिलापीने नुसते पाणी गिळले तरी तो पोटात जातो. त्यात पीसीआर यंत्र दर फेरीला डीएनए दुप्पट करते. हिशेबाने एका तुकड्याचे 30 फेऱ्यांत 107 कोटींहून अधिक होतात. सुरीला लागलेला कणही मग 'जेवण' ठरतो.

जर्मनीत पोलीस अनेक वर्षे एका अज्ञात बाईला शोधत होते. अनेक गुन्ह्यांच्या जागी तिचा डीएनए सापडला होता. 2009 मध्ये उलगडा झाला : नमुने घेण्याचे कापसाचे बोळेच कारखान्यातल्या एका कामगार बाईच्या हातून दूषित झाले होते.

म्हणून पथ्ये पाळावीत. मासे एका घमेल्यात न टाकता प्रत्येक मासा नव्या पिशवीत, बर्फावर ठेवावा. तो धरणाच्या नव्हे, शुद्ध पाण्याने धुवावा. प्रत्येक माशाला नवे पाते, नवे हातमोजे. चिमटे ब्लीचमध्ये बुडवून मग शुद्ध पाण्याने धुवावेत; नुसते स्पिरिट पुरत नाही. अल्कोहोलने जंतू मरतात, डीएनए टिकतो.

त्याच जागेचे पाणीही तपासावे. सोबत नेलेले शुद्ध पाणी काठावर उघडून नमुन्यांबरोबरच तपासावे. त्यात मरळ निघाली, तर दोष आपल्या हाताचा. रिकाम्या पोटाच्या चिलापीही तपासाव्यात. त्यांतही मरळ तेवढीच दिसली, तर ती पाण्यातून आलेली असण्याची शक्यता मोठी.

एवढे करूनही डीएनए फक्त जात सांगतो. अंडे होते की मोठ्या माशाची बुळबुळ, हे सांगत नाही. त्यासाठी पोटातला ऐवज सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागतो.

चिलापीवर उजनीकाठच्या अनेक घरांची चूल पेटते, आणि मरळ कमी झाली तर नुकसानही त्यांचेच. तिला दोषी किंवा निर्दोष ठरवण्याआधी एवढी काळजी घ्यायलाच हवी.