मिसिसागाच्या हेझलबाई

बैलगाडीच्या आखाला वंगण नसले की काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. आगगाडीचेही तसेच. १० नोव्हेंबर १९७९ च्या रात्री कॅनडातल्या मिसिसागा शहरात एका मालगाडीच्या डब्याचे बेअरिंग वंगणाअभावी तापले, चाके निखळली आणि डब्यांवर डबे कोसळले. प्रोपेन गॅसच्या टाक्यांचे स्फोट झाले. त्यांतच सुमारे ९० टन क्लोरीन भरलेली टाकी फुटलेली! हा वायू हवेपेक्षा जड. जमिनीलगत पसरतो आणि माणसाची फुप्फुसे जाळतो.

महापौर होत्या हेझल मॅकॅलियन. वय ५८, आणि सूत्रे हाती घेऊन वर्षही पुरे झाले नव्हते. पोलिसांशी आणि बंबवाल्यांशी विचारविनिमय करून, वारा फिरेल तसतसा एकेक भाग रिकामा करण्यात आला. दोन लाखांहून अधिक माणसे हलवली, तीन इस्पितळांतले रोगीसुद्धा. धावपळीत बाईंचा पाय मुरगळला. तरी लंगडत लंगडत त्या वार्ताहरांपुढे येत आणि लोकांना खबर देत. सहा दिवस हे चालले. एकही माणूस दगावला नाही.

या बाई मूळच्या क्युबेक प्रांतातल्या समुद्रकाठच्या खेड्यातल्या. जन्म १९२१ चा, वडिलांचा धंदा मासळीचा. कॉलेजला पैसा नव्हता, म्हणून नोकरी धरली. तरुणपणी मॉन्ट्रियलला बर्फावरची हॉकी खेळत. सामन्यामागे पाच डॉलर मिळत. पुढे १९७० साली स्ट्रीट्सव्हिल या छोट्या गावाच्या त्या महापौर झाल्या. आपले गाव मिसिसागात विलीन होऊ नये म्हणून भांडल्या, हरल्या. आणि गंमत पाहा, १९७८ मध्ये त्याच मिसिसागाने त्यांना निवडून दिले, ते थेट २०१४ पर्यंत! निवृत्तीच्या वेळी वय होते ९३.

शहरावर कर्ज नको, हा त्यांचा हट्ट. घरे बांधणाऱ्यांकडूनच रस्त्यांचा, नळांचा, वाचनालयांचा खर्च वसूल करायचा. हिशेब चोख, पण ती घरे उभी राहिली शेतांवर आणि फळबागांवर, हे आपल्यासारख्यांना खुपणारच. मोकळी जमीन संपत आली तशी ही आवकही आटली.

सगळेच गोड नव्हते. मुलाच्या हॉटेलच्या व्यवहारात त्यांनी आपले वजन वापरले, असा ठपका २०११ साली चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांनी ठेवला. तरी लोकांचा लोभ सुटला नाही. २९ जानेवारी २०२३ रोजी, वयाची १०१ वर्षे पुरी करून, बाई आपल्या घरीच वारल्या.