नागनिका : महारठ्याची कन्या, सातवाहनांची राणी

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर, जकातीचे नाणे ज्यात पडत असे असे सांगितले जाते त्या दगडी रांजणापासून जवळच, जे कोरीव लेणे आहे, त्याच्या भिंतींवरील ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख हा सातवाहन राजकुळाचा, आणि त्यातही देवी नागनिकेचा, दगडी दस्तऐवजच होय. ती अंगीय कुळाची वृद्धी करणाऱ्या महारठी सरदाराची कन्या आणि दक्षिणापथपती पहिल्या सातकर्णीची पत्नी.

लेण्यात एके काळी सिमुक सातवाहन, राणी व सातकर्णी यांच्याबरोबरच राणीचे पिता महारठी त्रणकयिर आणि राजकुमार यांच्याही प्रतिमा होत्या. आज मूर्ती नष्ट झाल्या असून नामलेखांचे अवशेष तेवढे उरले आहेत. स्वकुळाच्या प्रतिमांच्या रांगेत महारठ्यालाही स्थान मिळावे, यावरून या सोयरिकीचे राजकीय मोल किती होते याचा अंदाज येतो. घाटवाटांवर हुकमत हवी असलेल्या नव्या राजवंशाला स्थानिक सरदार घराणे आप्त करून घेणे सैन्य पोसण्याहून स्वस्त पडले असावे, असा माझा तर्क.

दोन अश्वमेध, एक राजसूय, आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावे व कार्षापण नाणी यांचा हिशेब लेखात इतक्या बारकाईने मांडला आहे की प्राचीन अंकचिन्हांच्या अभ्यासकांनाही तो मोलाचा वाटतो. त्यातच महिना-महिना उपवास करून घरीच तापसीप्रमाणे राहणाऱ्या राणीचे वर्णन येते. वेदिश्री आणि शक्तिश्री हे तिचे पुत्र.